आयआरसी ते व्हॉट्सॲप: चॅट सर्व्हर मोठा कसा झाला?

लोकलमध्ये रेंज गेली, हेडफोन घरी राहिला, किंवा ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, अशा सगळ्यांसाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलल्यासारखाच लिहिलाय, थोडा नीटनेटका करून.

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे: चॅट सर्व्हरचे वर्कर प्रोसेस. पण थांबा, लगेच पुढे स्क्रोल करू नका. तुम्ही ग्रुपवर ‘पोचलो’ असं टाइप करता आणि दुसऱ्या सेकंदाला पन्नास फोन वाजतात, त्यामागचा हा इतिहास आहे.

आधी वर्कर म्हणजे काय ते बघू. जुन्या बँकेत जशा खिडक्या असायच्या, तसं समजा. एकाच खिडकीवर सगळं काम चालवलं तर रांग दारापर्यंत जाते. म्हणून चार खिडक्या उघडायच्या. सर्व्हरमध्ये या खिडक्या म्हणजे वर्कर प्रोसेस. प्रत्येकाची मेमरी वेगळी, काम स्वतंत्र. प्रोसेसरला जितके कोअर तितके वर्कर, हा ढोबळ नियम.

साध्या वेबसाइटला हे झकास चालतं. तुम्ही पान मागितलं, कुठल्याही खिडकीनं दिलं, विषय संपला. चॅटची गोष्ट वेगळी आहे. चॅटमध्ये माणूस खिडकीशी येऊन बसतो आणि तासन्‌तास उठतच नाही. त्यात तुम्ही बसलात खिडकी एकवर, तुमची मैत्रीण खिडकी चारवर. तुमचा मेसेज खिडकी एकला मिळाला. आता खिडकी चारला तो कोण सांगणार?

हा प्रश्न लक्षात ठेवा. चॅट सर्व्हरचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाला मिळालेली वेगवेगळी उत्तरं आहेत.

१९८८: फिनलंडमधली हजेरी

फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन नावाच्या विद्यार्थ्यानं ऑगस्ट १९८८ मध्ये आयआरसी लिहिलं. इंटरनेट रिले चॅट. आज ग्रुपला आपण जे म्हणतो ते तिथे चॅनेल, आणि चॅनेलच्या नावाआधी हॅशची खूण. हो, हॅशटॅगचा हॅश तिथूनच आला.

आयआरसीचा सर्व्हर एकच प्रोसेस होता. मग शेकडो लोकांशी एकटा कसा बोलायचा? त्यासाठी युनिक्समध्ये सिलेक्ट नावाची सोय होती. ती म्हणजे शाळेतली हजेरी. बाई यादी घेऊन एकेक नाव पुकारतात: ‘तुला काही बोलायचंय? नाही. तुला? नाही. तुला?’ पन्नास मुलांच्या वर्गात ठीक आहे. हजार मुलांच्या वर्गात एकालाच बोलायचं असेल तरी हजार नावं पुकारावी लागतात, आणि हे दर वेळी.

एक सर्व्हर पुरेना, मग आयआरसीनं दुसरे सर्व्हर जोडले. १९८९ च्या मध्यापर्यंत जगभरात साधारण ४० सर्व्हर झाले होते. जोडणी झाडासारखी होती: खोड, फांद्या, उपफांद्या. कुठूनही कुठेही जायला एकच वाट. म्हणजे आपल्या प्रश्नाचं आयआरसीचं उत्तर असं की एका खिडकीनं शेजारच्या खिडकीला सांगायचं, तिनं तिच्या शेजारणीला.

हे सोपं होतं, पण फांदी मोडली की पंचाईत. दोन सर्व्हरमधली एक तार तुटली की अर्धं चॅनेल गायब. त्याला नेटस्प्लिट म्हणायचे. पलीकडच्यांना वाटायचं तुम्ही गेलात, तुम्हाला वाटायचं ते गेले. मध्ये दोन्हीकडे एकाच टोपणनावाची माणसं तयार झाली, तर तार परत जुळल्यावर दोघांनाही बाहेर काढलं जायचं.

तरीही हे काम देऊन गेलं. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध उठाव झाला, तेव्हा तिथल्या बातम्या आयआरसीवरून बाहेर पोचत होत्या. गप्पांसाठी केलेल्या साधनावर माणसं खऱ्या संकटात विसंबू लागली, ती इथपासून.

१९९९: दहा हजारांचा प्रश्न

आपल्याकडे व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. मग सायबर कॅफे आले आणि याहू चॅट आलं. तासाचे पैसे मोजून अनोळखी माणसांशी बोलायचं. तुमच्या मोठ्या भावंडांना विचारा, हसत हसत सांगतील.

तिकडे सर्व्हरवाल्यांची मात्र दमछाक होत होती. त्या काळची लोकप्रिय पद्धत म्हणजे प्रत्येक कनेक्शनला एक स्वतंत्र प्रोसेस. अपाचे हा वेब सर्व्हर १९९५ चा. तो आधीच काही प्रोसेस तयार ठेवायचा आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एकेक वाटून द्यायचा. पण दहा हजार गिऱ्हाइकं आली तर दहा हजार प्रोसेस? प्रत्येकीची मेमरी वेगळी, आणि एका प्रोसेसवरून दुसरीवर उडी मारण्यातच प्रोसेसरचा वेळ जायचा. चॅटमध्ये तर बहुतेक लोक गप्प बसलेले असतात. गप्प माणसासाठी एक अख्खा कारकून बसवून ठेवणं कुणालाच परवडणारं नाही.

१९९९ मध्ये डॅन केगल यांनी या अडचणीला नाव दिलं: सी टेन के, म्हणजे एका मशीनवर दहा हजार कनेक्शन. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हार्डवेअर आता पुरेसं ताकदवान आहे, अडतंय ते सॉफ्टवेअरच्या पद्धतीत.

उत्तर ऑपरेटिंग सिस्टिममधून आलं. २००० मध्ये फ्रीबीएसडीत केक्यू, २००२ मध्ये लिनक्सच्या विकास आवृत्तीत ईपोल. हजेरी बंद! ज्याला बोलायचंय त्यानं हात वर करायचा, बाई फक्त वर आलेले हात बघणार. वर्गात पन्नास मुलं असोत की पन्नास हजार, काम बोलणाऱ्यांपुरतंच.

यावर इगोर सिसोएव्ह या रशियन इंजिनिअरनं एनजिनएक्स बांधला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला. त्याची रचना आजही तीच आहे: एक मास्टर प्रोसेस, तिच्या हाताखाली मोजके वर्कर, आणि प्रत्येक वर्कर हजारो कनेक्शन सांभाळणारा. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये वर्करची संख्या ‘ऑटो’ ठेवली की तो कोअर मोजून तितके वर्कर उघडतो. दहा हजारांचा प्रश्न सुटला. खिडकी एक आणि खिडकी चारचा मात्र तसाच राहिला.

२००९ नंतर: चार वर्कर, चार बेटं

नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत रायन डाल यांनी नोड जेएस दाखवलं. हात वर करण्याची पद्धत, आणि तीही जावास्क्रिप्टमध्ये. कॉलेजातली पोरं एका दुपारी चॅट सर्व्हर लिहू लागली. आजही ‘पहिला प्रोजेक्ट’ म्हणून चॅट ॲपच करतात, त्याचं कारण हेच.

पण नोडचा कोड एका थ्रेडवर चालतो, म्हणजे आठ कोअरच्या मशीनवर सात जवळपास रिकामे. म्हणून २०११ मध्ये नोडमध्ये क्लस्टर आलं: एकाच पोर्टवर अनेक वर्कर. तुम्ही वर्कर एकचे आठ केलेत आणि मग बघा कशी मजा होते.

पहिली गंमत: बहुतेक मेसेज पोचतच नाहीत. खोलीत कोण कोण आहे ही यादी प्रत्येक वर्करच्या स्वतःच्या मेमरीत असते. वर्कर एकला चारमधली माणसं दिसतच नाहीत. आठ वर्कर म्हणजे आठ बेटं.

दुसरी गंमत: काही लोकांचं कनेक्शनच जुळत नाही. सॉकेट आयओ ही लायब्ररी सुरुवातीला साध्या एचटीटीपीच्या दोन-तीन विनंत्या करून मग वेबसॉकेटवर जाते. पहिली विनंती वर्कर दोनकडे गेली आणि दुसरी पाचकडे, तर पाच म्हणतो, ‘तुम्ही कोण? मी ओळखत नाही.’ यासाठी स्टिकी सेशन लागतं, म्हणजे एकदा ज्या खिडकीवर गेलात, तिथेच परत परत जायचं.

तिसरी गंमत वाटणीची. सुरुवातीला नवं कनेक्शन कुणी घ्यायचं हे ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडलं होतं. नोडच्या अधिकृत माहितीतच नोंद आहे की आठ प्रोसेसपैकी फक्त दोघींकडे ७० टक्क्यांहून जास्त कनेक्शन गेल्याचं दिसलं. दोघी मरमर काम करतायत, बाकीच्या निवांत. पुढे पाळीपाळीनं वाटायची पद्धत मूळ सेटिंग म्हणून आली.

पहिल्या गमतीवरचा उपाय म्हणजे मध्ये एक दवंडीवाला नेमायचा. इटलीच्या साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये रेडिस आणलं, त्यात पुढे पब-सबची सोय आली. वर्कर एकनं मेसेज रेडिसला सांगायचा, रेडिसनं सगळ्या वर्करना ओरडून सांगायचं, ज्याच्याकडे ती माणसं बसली आहेत त्यानं पुढे द्यायचा. पण दवंडीत एक खोट आहे. दवंडी पिटताना तुम्ही गावात नसाल, तर ती तुमच्यासाठी परत पिटत नाहीत. वर्कर तेवढ्यात पडला तर त्याच्यासाठी तो मेसेज गेला. म्हणून मेसेज आधी डेटाबेसमध्ये लिहायचा, मग दवंडी. उलटं करायचं नाही.

टेलिफोनवाल्यांचं उत्तर

गंमत म्हणजे या प्रश्नाचं चांगलं उत्तर चॅटच्या कितीतरी आधी तयार होतं. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६ पासून जो आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहकारी टेलिफोन एक्स्चेंजसाठी एक भाषा बनवत होते. तिचं नाव एर्लांग. टेलिफोनच्या रहदारीचं गणित मांडणाऱ्या डॅनिश गणितज्ञाच्या नावावरून.

एक्स्चेंजमध्ये हजारो कॉल एका वेळी चालतात. एक कॉल बिघडला तर तोच तुटायला हवा, बाकीच्यांना कळताही कामा नये. म्हणून एर्लांगमध्ये प्रत्येक कामाला स्वतःची छोटी प्रोसेस मिळते. ही ऑपरेटिंग सिस्टिमची जड प्रोसेस नव्हे. एर्लांगची स्वतःची, सुरुवातीला फार तर तीन केबी मेमरी घेणारी. एका मशीनवर अशा लाखो. त्यांची मेमरी सामायिक नसते, एकमेकींशी बोलायचं ते फक्त निरोपांनी. एखादी पडली तर तिच्यावर लक्ष ठेवणारा सुपरवायझर नवी उभी करतो. खाली प्रत्येक कोअरला एक शेड्युलर, तो या लाखो जणींना पाळीपाळीनं चालवतो.

आता आपल्या प्रश्नाकडे बघा. इथे खिडक्याच नाहीत. प्रत्येक माणसाला स्वतःचा पोस्टमन आहे, आणि प्रत्येक पोस्टमनला दुसऱ्याचा पत्ता माहीत आहे. तो दुसऱ्या मशीनवर असला तरी निरोप पाठवायची रीत तीच.

एरिक्सननं डिसेंबर १९९८ मध्ये एर्लांग सगळ्यांना खुलं केलं. अलेक्सी श्चेपिन यांनी २००२ मध्ये त्यात ईजॅबरडी हा चॅट सर्व्हर सुरू केला. २००८ मध्ये फेसबुक चॅट आलं, त्यातही एर्लांग होतं. आणि २००९ मध्ये जॅन कोम यांनी व्हॉट्सॲप काढलं, तेव्हा पाया म्हणून हाच ईजॅबरडी घेतला आणि मग हळूहळू तो जवळजवळ पूर्ण बदलून टाकला.

जानेवारी २०१२ मध्ये व्हॉट्सॲपनं आपल्या ब्लॉगवर एका सर्व्हरचा आकडा टाकला: २२,७७,८४५ कनेक्शन. एकच मशीन, २४ लॉजिकल कोअर, फ्रीबीएसडी आणि एर्लांग. त्या क्षणी प्रोसेसर चाळीस टक्क्यांहून जास्त मोकळा होता. दहा हजारांचा प्रश्न १९९९ चा, आणि तेरा वर्षांत त्याच्या दोनशेपट! फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकनं १,९०० कोटी डॉलरला व्हॉट्सॲप घेतलं, तेव्हा महिन्याला ४५ कोटी लोक ते वापरत होते आणि इंजिनिअर होते ३२.

लग्नाच्या पत्रिका

पण एर्लांग घेतलं म्हणजे सगळं सुटलं, असं नाही. २०१५ मध्ये डिस्कॉर्ड सुरू झालं. त्यांनी एर्लांगच्याच मशीनवर चालणारी एलिक्सिर भाषा घेतली. प्रत्येक सर्व्हर-ग्रुपसाठी एक प्रोसेस, प्रत्येक ऑनलाइन माणसासाठी एक प्रोसेस. मेसेज आला की ग्रुपची प्रोसेस सगळ्यांना एकेक करून पाठवणार.

मग ओव्हरवॉच या गेमचा ग्रुप वाढला. एका वेळी ३०,००० लोक ऑनलाइन. एका माणसाला निरोप टाकायला ३० ते ७० मायक्रोसेकंद लागत होते. किती कमी, नाही का? आता ३०,००० नं गुणा. ०.९ ते २.१ सेकंद. एका मेसेजला! तोवर मागे दुसरे दहा येऊन थांबलेले.

२०१७ मध्ये त्यांनी आपला उपाय जाहीर केला, आणि तो आपल्या घरातला आहे. लग्नाच्या पत्रिका वाटताना नाशिकच्या चाळीस घरांत आपण स्वतः चाळीस वेळा जातो का? नाशिकच्या मामाकडे गठ्ठा देतो आणि म्हणतो, तिकडचं तू बघ. डिस्कॉर्डनं तेच केलं. दूरच्या प्रत्येक मशीनला एकच निरोप, आणि तिथल्या वाटप करणाऱ्या प्रोसेसनी तो आपापल्या माणसांना द्यायचा.

यातून दिसतं की चॅटमध्ये माणसं किती यापेक्षा एका मेसेजच्या प्रती किती होतात, हा आकडा जास्त जड असतो. इंजिनिअर त्याला फॅन-आउट म्हणतात. दोघांच्या गप्पांना दोन प्रती, हजारांच्या ग्रुपला हजार.

स्वतःचा सर्व्हर चालवायचा असेल तर

काहींच्या मनात आलं असेल, मग सगळे व्हॉट्सॲपच का वापरत नाहीत? कारण प्रत्येकाला आपल्या गप्पा दुसऱ्याच्या मशीनवर ठेवायच्या नसतात. मॅट्रिक्स हा खुला प्रोटोकॉल २०१४ चा. फ्रान्स सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी २०१९ मध्ये आणलेलं चॅप त्यावरच आहे.

मॅट्रिक्सचा मुख्य सर्व्हर सिनॅप्स, आणि तो पायथॉनमध्ये. पायथॉनमध्ये जीआयएल नावाचं कुलूप असतं: एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथॉनचा कोड चालवतो. म्हणजे कोअर कितीही असोत, एक प्रोसेस एकाच कोअरपुरती. म्हणून सिनॅप्सनं कामं वाटली. लोकांचे नवे मेसेज मागणाऱ्या विनंत्या एका वर्करकडे, दुसऱ्या सर्व्हरना पाठवणं दुसऱ्याकडे, नोटिफिकेशन तिसऱ्याकडे. पण नवा मेसेज डेटाबेसमध्ये लिहायचं काम बराच काळ एकाच मुख्य प्रोसेसकडे अडकलं होतं. २०२० मध्ये तेही वाटता आलं, आणि वाटणी खोलीनुसार केली: एका खोलीचे सगळे मेसेज नेहमी एकाच वर्करकडे, म्हणजे क्रम बिघडत नाही. वर्करमधली दवंडी, ओळखलंत तर, रेडिसच.

तुम्ही कॉलेजसाठी, संस्थेसाठी असा सर्व्हर उभारणार असाल, तर या इतिहासातून चार गोष्टी खिशात ठेवा.

एक, वर्कर वाढवण्याआधी डेटाबेस बघा. प्रत्येक वर्कर स्वतःची कनेक्शन उघडतो. बारा वर्कर गुणिले दहा म्हणजे १२०. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० आहे. सर्व्हर जोरात होण्याऐवजी बंद पडेल.

दोन, एका माणसाच्या विनंत्या शक्यतो एकाच वर्करकडे पाठवा. त्याची माहिती तिथे आधीच मेमरीत असते. नाहीतर तीच माहिती आठ ठिकाणी साठते.

तीन, सगळे वर्कर एकदम रीस्टार्ट करू नका. हजारो फोन एकाच क्षणी परत जोडायला धावतात आणि नुकता उठलेला सर्व्हर पुन्हा झोपतो. एकेक करून बदला, आणि फोनला परत जोडण्याआधी थोडा वेगवेगळा वेळ थांबायला सांगा.

चार, एक वर्कर पुरत असेल तर एकच ठेवा. पन्नास जणांच्या संस्थेला आठ बेटं आणि एक दवंडीवाला सांभाळायची गरज नाही.

आणि एक मर्यादा

इथपर्यंतचा इतिहास मर्यादा काढण्याचा आहे. हजार, दहा हजार, वीस लाख. शेवटी एक मर्यादा घालण्याची गोष्ट सांगतो, आणि ती आपल्या महाराष्ट्रातून जाते.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना तिथे जमावानं ठार मारलं. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आले होते. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात इतर राज्यांतही अशी माणसं मारली गेली.

तांत्रिक बाजूनं बघितलं तर सर्व्हरनं त्या काळात काहीच चुकवलं नव्हतं. प्रत्येक मेसेज बरोबर माणसाला, वेळेत, क्रमानं पोचला होता. आणि २०१६ पासून मेसेज टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्ट असल्यामुळे सर्व्हरला आतलं काही वाचताही येत नव्हतं. त्याच जुलैत व्हॉट्सॲपनं भारतात एक आकडा बदलला: एक मेसेज एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल. जानेवारी २०१९ मध्ये तो जगभर लागू झाला. एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा फिरलेल्या मेसेजसाठी, पाचचा एक झाला.

एवढ्यानं अफवा थांबल्या, असं मी म्हणणार नाही. जमाव फोनमुळेच तयार होतो, असंही नाही. पण फॅन-आउट हा आकडा आपण इंजिनिअर लोक नेहमी वेगाच्या आणि खर्चाच्या खात्यात लिहितो. राईनपाड्यानंतर तो माणसांच्या खात्यातही लिहायला हवा. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये वर्कर किती, हे ठरवायला मशीनचे कोअर मोजले की पुरतं. एका ग्रुपमध्ये माणसं किती, एक मेसेज किती जणांना एका बोटानं पाठवता यावा, हे ठरवायला ते पुरत नाही. ते कुणीतरी बसून, विचार करून ठरवावं लागतं.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या कॉलेजात किंवा ऑफिसात कुणी स्वतःचा चॅट सर्व्हर चालवत असेल, तर किती वर्करवर चालवता ते आम्हाला जरूर कळवा. आणि हा भाग आवडला तर फॉरवर्ड करा. पाच जणांना पुरे!